प्रेडिक्शन मार्केटचा साइन-अप बोनस आणि बास्केटबॉलच्या अंतिम लढती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा आली की अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न सुरू होतात. जूनमध्ये एनबीए फायनल्स लागल्या की त्यात भल्या सकाळी सामना बघणारे पुण्या-मुंबईचे चाहतेही सामील होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही भारतातून वाचत असाल तर सगळ्यात आधी प्रश्न १२ वाचा. बोनसच्या रकमा आणि अटी सतत बदलतात, म्हणून खालचे हिशेब नमुन्याच्या ऑफरवर केले आहेत. आकडे तुमच्या ऑफरप्रमाणे बदलून घ्या.

१. प्रेडिक्शन मार्केट म्हणजे नेमकं काय?

एखादी घटना घडेल की नाही, यावरच्या कॉन्ट्रॅक्टची खरेदी-विक्री जिथे होते तो बाजार. घटना घडली तर ‘होय’च्या कॉन्ट्रॅक्टला १ डॉलर मिळतो, नाही घडली तर शून्य. ‘नाही’च्या कॉन्ट्रॅक्टचं बरोबर उलटं. मधल्या काळात भाव १ ते ९९ सेंटमध्ये फिरतो. एखादा संघ जिंकेल याचा भाव ६२ सेंट असेल, तर बाजाराच्या मते त्याची शक्यता साधारण ६२ टक्के आहे. तुम्ही ६२ सेंटला घेतलं आणि संघ जिंकला तर ३८ सेंट नफा, हरला तर ६२ सेंट बुडाले. सामना संपेपर्यंत थांबायची सक्ती नाही, मधेच विकता येतं.

अमेरिकेत यातलं सर्वाधिक चर्चेतलं नाव कॅल्शी. २०२० मध्ये तिला सीएफटीसी या वायदेबाजाराच्या केंद्रीय नियामकाची मान्यता मिळाली. खेळांचे कॉन्ट्रॅक्ट तिने २०२५ च्या सुरुवातीला आणले. त्याच वर्षी रॉबिनहूड या शेअर-सौद्यांच्या ॲपमध्येही असे सौदे दिसू लागले. पॉलीमार्केट या दुसऱ्या मंचाला सीएफटीसीने २०२२ मध्ये १४ लाख डॉलरचा दंड केला होता आणि तिला अमेरिकी ग्राहकांसाठी दरवाजे बंद करावे लागले होते. २०२५ मध्ये नियामकाचा परवाना असलेली एक कंपनी विकत घेऊन तिने परतीची वाट काढली.

२. साइन-अप बोनस म्हणजे फुकटचे पैसे का?

थोडे पैसे खरंच मिळतात, पण फुकट नाही. ऑफर सहसा अशी असते : नवं खातं उघडा, ठरलेल्या मुदतीत अमुक रकमेचे सौदे करा, मग १० किंवा २० डॉलर जमा होतील. म्हणजे आधी तुमचे पैसे बाजारात जातात, बोनस नंतर येतो. सौद्यावर फी लागते, खरेदी आणि विक्रीच्या भावात फरक असतो, आणि सामना हरलात तर मुद्दल जातं. बोनसची खरी किंमत म्हणजे जाहिरातीतला आकडा वजा हे सगळं. ती काढायची कशी, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

माझं मत सरळ सांगतो. या सगळ्या व्यवहारात तुमच्या बाजूने असलेली एकमेव गोष्ट म्हणजे हा बोनस, आणि तोही छोटा. तो कमीत कमी खर्चात पदरात पाडता येत असेल तर घ्या. त्यासाठी मोठी रक्कम भरू नका.

३. मग स्पोर्ट्सबुकपेक्षा हे वेगळं कसं?

स्पोर्ट्सबुक म्हणजे खेळांवर पैजा घेणारी कंपनी. तिथे समोर ती कंपनीच असते. भाव तीच ठरवते आणि तुमचं नुकसान हा तिचा फायदा असतो. प्रेडिक्शन मार्केटमध्ये समोर दुसरा सौदेकरी असतो आणि मंच फी घेतो. पण तो ‘दुसरा’ तुमच्यासारखाच हौशी असेल असं धरू नका. अंतिम सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळा पलीकडे व्यावसायिक मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा सौदेकरी, असतो, आणि त्याचं गणित तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

कायद्यातही फरक आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मर्फी विरुद्ध एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) खटल्यात क्रीडा-बेटिंगचा निर्णय राज्यांवर सोडला. त्यामुळे स्पोर्ट्सबुक राज्याच्या परवान्यावर चालतं आणि बहुतेक राज्यांत वयाची अट २१ आहे. प्रेडिक्शन मार्केट स्वतःला केंद्रीय नियमनाखालचा वायदेबाजार म्हणवतं आणि १८ वर्षांच्या मुलालाही खातं देतं. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे इतके प्रश्न येतात ते म्हणूनच, आणि याच गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते.

४. ‘चॅम्पियनशिप’ म्हणजे कोणता सामना? नावावरून गोंधळ होतो.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये एनसीएएची ६८ संघांची बाद फेरी असते आणि एप्रिलच्या सुरुवातीला सोमवारी रात्री एकच अंतिम सामना होतो. एनबीए फायनल्स ही सात सामन्यांपर्यंत चालणारी मालिका असते, चार सामने आधी जिंकेल तो विजेता. त्यामुळे एनबीएमध्ये ‘मालिका कोण जिंकेल’ आणि ‘आजचा सामना कोण जिंकेल’ असे दोन वेगळे बाजार असतात. बोनसच्या घाईत चुकीचा बाजार उघडणारे बरेच दिसतात.

२०२५ ची मालिका उदाहरणाला चांगली. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सना ४-३ ने हरवलं, पण पहिला सामना पेसर्सनी १११-११० असा जिंकला होता. थंडरवर मालिकेचं कॉन्ट्रॅक्ट धरून बसलेल्याला शेवटी डॉलर मिळाला. त्याच संघाचं पहिल्या सामन्याचं कॉन्ट्रॅक्ट घेतलेल्याच्या हाती शून्य आलं. शिवाय मालिकेच्या बाजारात पैसे दोन-अडीच आठवडे अडकू शकतात, आणि बोनसची मुदत तोवर संपू शकते.

५. ‘१०० डॉलरचे सौदे करा, १० डॉलर मिळवा’ अशी ऑफर आहे. कमीत कमी खर्चात कसं करू?

आधी फी समजून घ्या. कॅल्शीचं रूढ सूत्र असं : ०.०७ गुणिले कॉन्ट्रॅक्टची संख्या, गुणिले भाव, गुणिले (१ वजा भाव), आणि येणारी रक्कम पुढच्या सेंटला वर ओढायची. भाव ५० सेंटच्या आसपास असतो तेव्हा फी सर्वाधिक लागते आणि दोन्ही टोकांना घटते.

आता हिशेब. ५० सेंटने २०० कॉन्ट्रॅक्ट घेतले तर १०० डॉलर लागतात आणि फी ३ डॉलर ५० सेंट. ९० सेंटने ११२ कॉन्ट्रॅक्ट घेतले तर १०० डॉलर ८० सेंट लागतात आणि फी ७१ सेंट. तेवढ्याच उलाढालीला फी जवळजवळ एक पंचमांश. पण निकाल उलटा लागला तर दोन्हीकडे शंभर डॉलर जातात. फरक इतकाच की ९० सेंटच्या भावाला तसं होण्याची शक्यता दहात एक असते.

ज्यांना सामन्याचा धोका अजिबात नको, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. ९० सेंटने ५६ कॉन्ट्रॅक्ट घ्या आणि लगेच ८९ ने विका. एका सेंटच्या फरकापोटी ५६ सेंट, दोन वेळची फी मिळून ७५ सेंट, म्हणजे एकूण १ डॉलर ३१ सेंट खर्च. खरेदी-विक्री मिळून उलाढाल १०० डॉलरच्या किंचित वर जाते. १० डॉलरचा बोनस आला तर साडेआठ डॉलरच्या वर हातात राहतात. हाच प्रकार ५० सेंटच्या भावाला केलात तर खर्च साडेचार डॉलरच्या आसपास जातो.

हे जमण्याआधी अटींमध्ये तीन गोष्टी शोधा. उलाढाल डॉलरमध्ये मोजतात की कॉन्ट्रॅक्टच्या संख्येत? विक्री धरतात की फक्त खरेदी? सौदा ठरावीक वेळ हातात ठेवायची अट आहे का? फक्त खरेदी धरत असतील तर वरचा खर्च दुप्पट होईल. विक्री धरतच नसतील आणि सौदा निकालापर्यंत ठेवण्याची सक्ती असेल, तर ही ऑफर सोडून देणं मला शहाणपणाचं वाटतं. फीचा तक्ता सौद्याच्या दिवशी स्वतः पाहा, कारण प्रत्येक मंचाची पद्धत वेगळी आहे. ऑर्डर नेहमी लिमिट, म्हणजे स्वतः ठरवलेल्या भावाची, लावा. मार्केट ऑर्डरमध्ये मिळेल त्या भावाला माल गळ्यात पडतो.

६. ९५ सेंटचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे खात्रीच ना?

नाही. ९५ सेंटचा अर्थ वीसपैकी एकदा तुम्ही ९५ सेंट गमावणार. तो ‘एकदा’ कसा दिसतो ते २०२५ मध्ये दोनदा दिसलं. एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोला एनसीएएच्या अंतिम सामन्यात ह्यूस्टनकडे उत्तरार्धात १२ गुणांची आघाडी होती, आणि फ्लोरिडाने सामना ६५-६३ असा काढला. ह्यूस्टनला शेवटचा फेकसुद्धा टाकता आला नाही. जूनमध्ये फायनल्सच्या पहिल्या सामन्यात पेसर्स चौथ्या सत्रात १५ गुणांनी मागे होते. टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना बास्केट केली, आणि त्या संपूर्ण सामन्यात पेसर्स आघाडीवर आले ते तेवढ्या वेळापुरतेच.

मालिकेतही तेच. २०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स ३-१ ने पुढे होते आणि क्लीव्हलँडकडून हरले. फायनल्सच्या इतिहासात तोवर असं कधीच झालं नव्हतं.

७. दोन्ही बाजू विकत घेतल्या तर नुकसान होणारच नाही, बरोबर?

एकाच मंचावर ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही घेतलं तर दोन्ही बाजू एकमेकींना कापतात. हातात काही उरत नाही, फी मात्र दोनदा जाते. स्वतःच्याच दोन खात्यांतून समोरासमोर सौदे केले तर तो वॉश ट्रेड होतो, आणि त्याला अमेरिकी वायदेबाजाराच्या कायद्याने सरळ बंदी आहे.

दोन वेगळ्या मंचांवर दोन बाजू घेणं कायदेशीर आहे, पण फायदा क्वचित उरतो. एकीकडे ‘होय’ ६२ आणि दुसरीकडे ‘नाही’ ३७ मिळालं तर खर्च ९९ सेंट, परत येणार १ डॉलर, फायदा १ सेंट. ६२ च्या भावाला वरच्या सूत्राने एकाच बाजूची फी दीड सेंटहून जास्त होते. दोन्हीकडे बोनस मिळणार असेल तरच हे गणित जमतं. तेव्हाही आधी दोन्ही ठिकाणची निकालाची नियमावली एकसारखी आहे का ते बघा (प्रश्न १० पाहा).

८. बोनस खात्यात दिसतो, पण बँकेत काढता येत नाही. फसवणूक आहे का?

बहुधा नाही. पुष्कळ ठिकाणी बोनस रोख नसून सौद्यापुरतं क्रेडिट असतो. तो एकदा तरी सौद्यात वापरावा लागतो, त्यातून आलेली रक्कमच काढता येते, आणि क्रेडिटला मुदत असते. बँकेतून भरलेले पैसेही काही दिवस अडकवून ठेवतात. अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट खातं उघडण्याच्या दिवशीच काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. प्रोमो कोड नोंदणीच्या वेळी टाकायचा राहिला असेल तर मात्र नंतर सहसा काही करता येत नाही.

९. सामना बघत बघत भाव खाली आला की घ्यायचं आणि वर गेला की विकायचं, हे जमेल का?

मी नको म्हणेन. तुमच्या स्क्रीनवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा मागे असतं, इंटरनेटवरच्या स्ट्रीमला तर आणखी उशीर होतो. तुम्हाला बास्केट दिसते तोवर भाव हललेला असतो, आणि ‘स्वस्त’ दिसणारा माल तुम्हाला विकणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. शेवटच्या दोन मिनिटांत खरेदी-विक्रीतली दरीही रुंदावते. उलाढाल पूर्ण करायची असेल तर सामना सुरू होण्याआधी करा. तेव्हा भाव शांत असतो आणि गिऱ्हाइकं भरपूर असतात.

१०. मुख्य खेळाडू जखमी झाला, सामना ओव्हरटाइममध्ये गेला किंवा रद्द झाला, तर पैसे परत मिळतात का?

दुखापतीसाठी काही परत मिळत नाही. २२ जून २०२५ च्या सातव्या सामन्यात पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पेसर्स ९१-१०३ ने हरले आणि त्यांच्यावरचे कॉन्ट्रॅक्ट शून्यावर गेले.

‘विजेता कोण’ या बाजारात ओव्हरटाइम धरला जातो. २००८ चा कॉलेज अंतिम सामना कॅन्ससने मेम्फिसविरुद्ध ओव्हरटाइममध्येच जिंकला होता. गुणांच्या फरकावरचे किंवा अर्ध्या सामन्याचे बाजार वेगळे असतात, त्यांची नियमावली वेगळी वाचा.

सामना पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर काय होणार हे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या नियमांत लिहिलेलं असतं आणि मंचागणिक बदलतं. असं घडतच नाही असं समजू नका. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे एनसीएएची अख्खी स्पर्धा रद्द झाली होती.

एकाने फार चांगला प्रश्न विचारला होता : नंतर विजेतेपद काढून घेतलं तर? लुईव्हिलने २०१३ चं विजेतेपद मिळवलं आणि एनसीएएने ते २०१८ मध्ये रद्द ठरवलं. पण कॉन्ट्रॅक्टचा निकाल सामना संपल्यावर लागतो आणि पैसे तेव्हाच वाटले जातात. पुढच्या काळातल्या शिक्षेने सहसा तो फिरत नाही.

११. बायकोच्या किंवा रूममेटच्या नावाने दुसरं खातं उघडून बोनस दुप्पट करता येईल का?

बायकोने स्वतःचं खातं स्वतः उघडलं, स्वतःचे पैसे घातले, स्वतः सौदे केले, तर तो तिचा व्यवहार. तिच्या नावाआडून तुम्ही चालवत असाल तर ती खोटी माहिती ठरते. नोंदणीला सहसा जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. एकाच पत्त्यावर, एकाच फोनवर, एकाच बँक खात्यातून दोन नावं दिसली की पडताळणी सुरू होते आणि दोन्ही खाती गोठू शकतात. एकाच अपार्टमेंटमध्ये चार मुलं राहत असाल तर प्रत्येकाने आपला फोन आणि आपलं बँक खातं वापरावं. व्हिसावर असणाऱ्यांनी दहा डॉलरसाठी कुठेही खोटी माहिती नोंदवू नये, हे मी कळकळीने सांगतो.

१२. मी पुण्यात राहतो. व्हीपीएन लावून खातं उघडू शकतो का?

नको. ऑनलाइन गेमिंगचं संवर्धन आणि नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, २२ तारखेला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बँकांना असे व्यवहार पुढे पाठवायला मनाई आहे. ‘हो की नाही’वर पैसे लावायला देणाऱ्या प्रोबोने त्यानंतर आपला पैशांचा खेळ बंद केला. त्याआधी एप्रिलमध्येच सेबीने अशा ओपिनियन ट्रेडिंगला आपलं संरक्षण नसल्याचा इशारा दिला होता. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही हे खरं, पण म्हणून पैसे सुरक्षित होत नाहीत.

परदेशी चलनाचा प्रश्न वेगळाच आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवायला आधीपासून मनाई आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत इथे लागू होत नाही. क्रिप्टोने गेलात तर त्यावरचा ३० टक्के कर आहेच. आणि व्हीपीएनने उघडलेलं खातं पडताळणीत अडकलं तर दाद कुठेही मागता येणार नाही.

‘गोव्यात तर कॅसिनो कायदेशीर आहेत’ हाही युक्तिवाद येतो. ती परवानगी गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली परवानाधारक कॅसिनोंना आहे, तुमच्या फोनवरच्या ॲपला नाही.

१३. अमेरिकेत खातं आहे, सुट्टीत नाशिकला आलोय. चालू सौद्यांचं काय?

धरलेला सौदा निकालापर्यंत तसाच राहतो. नवे सौदे करायला मंच तुमचं ठिकाण तपासून नकार देऊ शकतो. निघण्याआधी सौदे मिटवा आणि बोनसची मुदत बघून घ्या.

१४. रेफरल बोनससाठी भारतातल्या मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकू का?

कृपया टाकू नका. प्रश्न १२ मधल्या कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीलाही बंदी आहे, जाहिरातीला हातभार लावणंही त्यात येतं, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी आहे. शिवाय भारतातल्या मित्राचं खातं पूर्ण होणारच नाही, म्हणजे तुम्हाला बोनसही नाही.

१५. माझ्या राज्यात हे चालतं का?

राज्यं आणि हे मंच यांच्यात भांडण सुरू आहे. नेवाडाच्या नियामकाने मार्च २०२५ मध्ये कॅल्शीला खेळांचे सौदे थांबवायला सांगितलं. एप्रिलमध्ये केंद्रीय न्यायालयाने कॅल्शीला तात्पुरतं संरक्षण दिलं आणि नोव्हेंबरमध्ये ते उठवलं. न्यू जर्सीत सुरुवातीचा निकाल कॅल्शीच्या बाजूने गेला, मेरीलंडमध्ये विरुद्ध. म्हणून गेल्या वर्षी चाललं ते यंदा चालेल असं धरू नका. ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवशी ॲपमधली तुमच्या राज्याची स्थिती बघा.

१६. बोनसवर आणि नफ्यावर कर लागतो का?

बोनस हे उत्पन्नच, फॉर्म आला नाही तरी दाखवायचं. २०२६ पासून १०९९-मिस्क या किरकोळ उत्पन्न कळवणाऱ्या फॉर्मची मर्यादा ६०० वरून २००० डॉलर झाली आहे, पण ती फॉर्म पाठवणाऱ्यासाठी. तुमची जबाबदारी पहिल्या डॉलरपासून आहे. सौद्यांतला नफा भांडवली समजायचा की जुगाराचा, यावर कर-सल्लागारांत मतभेद आहेत. जुगाराचा धरला तर २०२६ पासून तोट्याचा ९० टक्केच भाग वजा करता येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल आणि कराच्या दृष्टीने अनिवासी असाल तर नियम आणखी कडक आहेत. विद्यार्थी-विवरणपत्रं भरणाऱ्या सीपीएला (परवानाधारक हिशेबनिसाला) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१७. मी विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स विभागात काम करतो. मला चालेल?

नाही. एनसीएएच्या नियमांनी खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्यांना खेळांवर पैसे लावायला मनाई आहे, आणि मंचांचे नियमही आतल्या माणसांना अडवतात. संघाची आतली माहिती दुसऱ्याला देणंही तितकंच गंभीर आहे. एनबीएने २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूला आजन्म बाद केलं, त्यामागे गोपनीय माहिती फोडणं हेही कारण होतं.

१८. नाव मोठं, पण शेवटी हा मटकाच ना?

घरच्या वडीलधाऱ्यांकडून हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. मुंबईतला मटका सुरू झाला तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजहून येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर. चिठ्ठ्या आणि मडकं नंतर आलं. इथे फरक असा की भाव सर्वांना दिसतो, पैसे नियमनाखालच्या संस्थेकडे असतात, निकालाचे नियम लिहिलेले असतात आणि मधेच बाहेर पडता येतं. पण अंतिम सामन्यावर ६२ सेंट लावणाऱ्याच्या मनात जे चालतं ते आकडा लावणाऱ्यासारखंच असतं. काका-मामा काळजी करत असतील तर त्यांना खोडून काढू नका.

१९. बोनस मिळाला, काढला. आता स्वतःचे पैसे घालून पुढे खेळावं का?

मी तरी थांबेन. बोनस संपला की तुमच्या बाजूचं काही उरत नाही, फी आणि भावातला फरक मात्र प्रत्येक सौद्याला लागत राहतो. कंपनी बोनस देते तो तुम्ही थांबणार नाही या अंदाजावर. खेळत राहायचंच असेल तर ॲपमधली भरण्याची मर्यादा आजच लावा, आणि नोटिफिकेशन बंद करा.

हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा पैसे भरले असतील, किंवा ट्यूशन फी, भाडं, घरी पाठवायचे पैसे यांना हात लागला असेल, तर खातं बंद करून स्वतःवर बंदी घालण्याची सोय मंचावर असते, ती वापरा. अमेरिकेत १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर मदत मिळते, भारतात टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. विद्यार्थी असाल तर विद्यापीठाचं समुपदेशन केंद्रही आहे, आणि तिथली भेट गोपनीय असते.